ध्रुवीय समुद्रातील भरती-ओहोटीचे अभ्यासक : हाराल्ड स्वेरड्रुप

उत्तर ध्रुवाभोवतालच्या गोठलेल्या समुद्रात एक विस्तीर्ण अज्ञात भूमी दडलेली असावी, असे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक जाणकारांना वाटत होते. ही भूमी कोणीही पाहिलेली नव्हती. भरती-ओहोटीच्या नोंदींवरून तिचे अस्तित्व अनुमानाने मांडण्यात आले होते. पुढे भरती-ओहोटीच्याच अधिक काटेकोर मोजणीतून हे अनुमान निराधार ठरले. ही मोजणी करणारे नॉर्वेचे शास्त्रज्ञ हाराल्ड उल्रिक स्वेरड्रुप यांची गणना आधुनिक सागरविज्ञानाच्या प्रवर्तकांमध्ये केली जाते. महासागरांतील प्रवाहांचे मापन आज ज्या एककात केले जाते, त्या एककाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

जन्म आणि शिक्षण

स्वेरड्रुप यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८८ रोजी नॉर्वेच्या पश्चिम भागातील सोग्नदाल या गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक होते. मातृवियोगाचे दुःख त्यांना बालपणीच सोसावे लागले. घरात विद्याव्यासंगाची परंपरा होती. त्यांचे बंधू लाइफ पुढे अमेरिकेत स्थापत्य अभियंता म्हणून नावारूपास आले.

राजधानीतील विद्यापीठात स्वेरड्रुप यांनी प्रथम खगोलशास्त्राकडे लक्ष वळविले होते. मात्र १९११ मध्ये हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांचे साहाय्यक म्हणून त्यांची निवड झाली आणि त्यांच्या अभ्यासाची दिशा बदलली. हवामान हा केवळ अनुभवाचा आणि अंदाजाचा विषय नसून भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी सोडविता येईल असा प्रश्न आहे, अशी ब्यर्कनेस यांची भूमिका होती. १९१३ मध्ये गुरूंसमवेत स्वेरड्रुप जर्मनीतील लाइपझिग येथे गेले. उत्तर अटलांटिक महासागरावरील व्यापारी वाऱ्यांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९१७ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. वाऱ्यांच्या अभ्यासात अंगवळणी पडलेली ही गणिती शिस्त पुढे समुद्राच्या अभ्यासात त्यांना उपयोगी पडली.

'मॉड' जहाजावरील सात वर्षे

दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेले रोआल्ड अमुंडसेन त्या सुमारास नव्या मोहिमेची तयारी करीत होते. १८९३ ते १८९६ या काळात फ्रिट्जॉफ नान्सेन यांनी आपले 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात गोठू दिले होते आणि बर्फासोबत वाहत जात आर्क्टिक महासागराचा प्रवास केला होता. सायबेरियाच्या उत्तरेस जहाज बर्फात अडकवून ध्रुवप्रदेशावरून वाहत जायचे, अशीच अमुंडसेन यांची योजना होती. त्यांच्या नव्या जहाजाला नॉर्वेच्या राणीवरून 'मॉड' असे नाव देण्यात आले होते. मोहिमेच्या वैज्ञानिक कार्याचे प्रमुखपद स्वेरड्रुप यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी ते तीस वर्षांचेही नव्हते.

१९१८ च्या उन्हाळ्यात 'मॉड'ने नॉर्वेचा किनारा सोडला. ही मोहीम तीन-चार वर्षांत आटोपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात स्वेरड्रुप यांच्या आयुष्यातील सात वर्षांहून अधिक काळ तिच्यात गेला.

पहिल्याच वर्षी आशिया खंडाच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक असलेल्या चेल्युस्किन भूशिराजवळ जहाज बर्फात अडकले. सुमारे वर्षभराने, १९१९ च्या सप्टेंबरमध्ये, सुरुंग लावून बर्फ फोडण्यात आला, तेव्हा जहाजाची सुटका झाली. पीटर टेसेम आणि पाउल क्नुटसेन हे दोघे सहकारी मोहिमेची टपाले आणि वैज्ञानिक नोंदी घेऊन डिक्सन येथील बिनतारी केंद्राकडे जाण्यासाठी मागे राहिले. शेकडो किलोमीटरची ती वाट दोघांनाही पूर्ण करता आली नाही. त्यांनी नेलेली टपाले पुढे १९२२ मध्ये सापडली. मात्र ते दोघे जिवंत परतले नाहीत. ध्रुवप्रदेशातील आकड्यांची ही किंमत स्वेरड्रुप यांच्या मोहिमेला आरंभीच मोजावी लागली.

दुसरा हिवाळा ईशान्य सायबेरियातील आयोन बेटाजवळ काढावा लागला. या काळात स्वेरड्रुप यांनी जहाज सोडले आणि रेनडिअरचे कळप पाळणाऱ्या चुकची लोकांसोबत सुमारे आठ महिने तुंद्रा प्रदेशात वास्तव्य केले. त्यांची भाषा, चालीरीती आणि भटकंतीचे जीवन यांची त्यांनी नोंद केली. या अनुभवावर आधारित त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

जहाजाच्या प्रोपेलरचे नुकसान झाल्यामुळे १९२१ मध्ये 'मॉड'ला दुरुस्तीसाठी अमेरिकेतील सिॲटल बंदरात न्यावे लागले. त्या हिवाळ्यात स्वेरड्रुप यांनी वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूचुंबकत्व विभागात काम केले आणि तोवर जमलेल्या निरीक्षणांचा अभ्यास केला. १९२२ मध्ये जहाज पुन्हा उत्तरेकडे निघाले. अमुंडसेन यांचे लक्ष आता विमानाने ध्रुव ओलांडण्याकडे लागले होते. ते जहाजावरून उतरले. जहाजाची सूत्रे ऑस्कर विस्टिंग यांच्याकडे आली. स्वेरड्रुप यांच्या मदतीस स्वीडनचे फिन मालमग्रेन हे तरुण शास्त्रज्ञ आणि ऑड डाल हे वैमानिक तथा तंत्रज्ञ होते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हेरल्ड बेटाच्या परिसरात 'मॉड' बर्फात गोठले. त्यानंतर सलग दोन वर्षे ते बर्फासोबत वाहत राहिले. मात्र ते ध्रुवाच्या दिशेने गेले नाही. वारा आणि बर्फ यांनी त्याला सायबेरियाच्या उत्तरेकडील उथळ समुद्रावरूनच पश्चिमेकडे नेले. ध्रुव गाठण्याच्या दृष्टीने मोहीम अयशस्वी ठरत होती. भरती-ओहोटीच्या अभ्यासासाठी मात्र याहून अनुकूल जागा मिळणे कठीण होते.

न दिसलेली भूमी

हे समजण्यासाठी त्या काळी चर्चेत असलेला प्रश्न लक्षात घ्यावा लागेल. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण विभागातील गणितज्ञ रोलिन हॅरिस यांनी आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्यांवरील भरती-ओहोटीच्या उपलब्ध नोंदी एकत्र केल्या होत्या. आर्क्टिकमधील भरतीची लाट मुख्यतः अटलांटिक महासागरातून, ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्यामधील खोल पाण्यातून आत शिरते. मधल्या समुद्रात काही अडथळा नसेल, तर ही लाट अलास्का आणि सायबेरियाच्या किनाऱ्यांवर विशिष्ट वेळी आणि विशिष्ट उंचीने पोहोचावयास हवी होती. नोंदींनुसार ती उशिरा येत होती आणि तिची उंचीही फार कमी होती. यावरून मध्ये एक मोठा भूभाग असावा आणि लाटेला त्याला वळसा घालून यावे लागत असावे, असा तर्क हॅरिस यांनी १९०४ मध्ये मांडला. १९११ मध्ये त्यांनी हा विचार अधिक विस्ताराने प्रसिद्ध केला.

हा तर्क निव्वळ कल्पनारंजन नव्हता. हाती असलेल्या आकड्यांवरून काढलेला तो निष्कर्ष होता, म्हणूनच तो गांभीर्याने घेतला गेला. ध्रुव संशोधक रॉबर्ट पिअरी यांनी १९०६ मध्ये दूरवर जमीन पाहिल्याचे सांगितले होते आणि तिला क्रॉकर भूमी असे नावही दिले होते. या भूमीच्या शोधासाठी डोनाल्ड मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली १९१३ मध्ये मोहीम निघाली. १९१४ मध्ये तिच्यातील मंडळी समुद्रावरील बर्फावरून बरेच अंतर चालून गेली, तेव्हा समोर दिसणारे डोंगर हा दृष्टिभ्रम असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तथापि, आर्क्टिकच्या नकाशावरील फार मोठा भाग तेव्हाही कोराच होता. त्या कोऱ्या जागेत भूमी नाहीच, असे ठामपणे सांगणे शक्य नव्हते.

बर्फाखालील मोजणी

खुल्या बंदरात भरती मोजणे तुलनेने सोपे असते. धक्क्यालगत खुणा केलेली पट्टी उभी करता येते अथवा तरंग्यावर चालणारे स्वयंचलित यंत्र बसविता येते. ध्रुवीय समुद्रात पाण्याचा पृष्ठभागच दिसत नाही. तेथे बर्फाला छिद्र पाडून तारेला बांधलेले वजन समुद्राच्या तळापर्यंत सोडतात. तारेचे वरचे टोक कप्पीवरून नेऊन त्याला प्रतिभार लावतात. भरतीबरोबर बर्फ वर उचलला जातो आणि ओहोटीबरोबर खाली येतो. तार स्थिर असल्यामुळे बर्फाची ही हालचाल मोजपट्टीवर वाचता येते. छिद्र सतत गोठत असल्याने ते पुनःपुन्हा मोकळे करावे लागते. बर्फ स्वतःच वाहत असेल, तर वजन तळावर एका जागी राहत नाही आणि मोजणी निरुपयोगी ठरते. म्हणूनच जहाज किनाऱ्यालगत स्थिरावलेले असेल, तेव्हाच्या नोंदींना विशेष मोल असते.

मोजावयाचे अंतरही अत्यल्प असते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भांगाच्या दिवसांतील फरकही सहज डोळ्यांना दिसतो. सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी हा फरक अवघा काही सेंटीमीटर असतो. वाऱ्यामुळे पाण्याची पातळी त्याहून कितीतरी अधिक वरखाली होते. या गोंधळातून चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचा अंश वेगळा काढावयाचा असेल, तर तासातासाच्या नोंदी दीर्घकाळ आणि खंड न पडता घ्याव्या लागतात.

पाण्याची उंची इतकी कमी असली, तरी भरतीमुळे वाहणारे प्रवाह मात्र स्पष्टपणे जाणवतात. स्वेरड्रुप यांनी या प्रवाहांकडे विशेष लक्ष दिले. प्रवाहाचा वेग आणि दिशा यांची नोंद करणारी दोन यंत्रे त्यांनी आणि डाल यांनी मोहिमेसाठी तयार केली आणि जहाजावर वापरली. ही यंत्रे बर्फाखाली निरनिराळ्या खोलींवर सोडण्यात येत. डाल यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. हाती येईल त्या साहित्यातून अचूक यंत्र उभे करण्याचे त्यांचे कसब मात्र असामान्य होते. पुढे नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीच्या उभारणीत त्यांनी प्रमुख भूमिका बजावली.

जहाजावर अशी वर्षे काढणे शरीराला आणि मनाला थकविणारे होते. अनेक महिने सूर्यदर्शन होत नसे. जहाजाचे अभियंता सोरेन सिव्हर्टसेन यांचे १९२३ मध्ये जहाजावरच निधन झाले. या सर्व काळात हवामान, भूचुंबकत्व, समुद्राची खोली, पाण्याचे तापमान, बर्फाची हालचाल आणि भरतीचे प्रवाह यांची निरीक्षणे चालूच राहिली.

१९२४ च्या ऑगस्टमध्ये न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेस बर्फाने 'मॉड'ला मोकळे केले. परतीच्या वाटेवर बेअर बेटांजवळ आणखी एक हिवाळा काढावा लागला. १९२५ मध्ये जहाज अलास्कातील नोम बंदरात पोहोचले.

निष्कर्ष

नॉर्वेत परतल्यानंतर १९२६ मध्ये स्वेरड्रुप यांनी उत्तर सायबेरियाच्या सागरमग्न खंडभूमीवरील भरती-ओहोटीविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. सागरमग्न खंडभूमी म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात पसरत गेलेला खंडाचा उथळ, पाण्याखालचा भाग. सायबेरियाच्या उत्तरेस ती शेकडो किलोमीटर रुंद आहे आणि तिच्यावरील पाण्याची खोली अनेक ठिकाणी काही दशक मीटरच भरते.

भरतीची लाट उत्तरेकडील खोल महासागरातून येऊन या उथळ भागाच्या कडेवर थडकते आणि तेथून किनाऱ्याकडे सरकते, असे स्वेरड्रुप यांना आढळले. कडेपर्यंत ती विनाअडथळा पोहोचलेली असते. त्यानंतर मात्र तिच्यात मोठे बदल होतात. समुद्राच्या तळाशी होणारे घर्षण तिची शक्ती कमी करते. वरील बर्फाच्या थराशी होणाऱ्या घर्षणाने त्यात भर पडते. किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत लाटेची उंची अगदी थोडी उरते.

दुसरी महत्त्वाची बाब पृथ्वीच्या परिवलनाची होती. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणाऱ्या पाण्याला उजवीकडे वळण मिळते. स्वेरड्रुप यांच्या नोंदींत भरतीचा प्रवाह केवळ मागेपुढे होत नव्हता. सुमारे साडेबारा तासांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सर्व दिशांना फिरून पुन्हा मूळ दिशेला येत असे. 'मॉड' ज्या अक्षांशांवरून वाहत होते, तेथे परिवलनामुळे पाण्याला मिळणाऱ्या वर्तुळाकार गतीचा कालावधी आणि चंद्राच्या मुख्य भरतीचा कालावधी जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे परिवलनाचा प्रभाव तेथे विशेष ठळकपणे जाणवतो. लाटेचा वेग आणि निरनिराळ्या खोलींवरील प्रवाहांचे स्वरूपही त्यामुळे बदलते. अशा लाटांना सागरविज्ञानात आज स्वेरड्रुप लाटा असे संबोधले जाते.

हॅरिस यांच्या मांडणीत परिवलन आणि घर्षण यांचा पुरेसा विचार झालेला नव्हता. या दोहोंचा हिशेब मांडताच किनाऱ्यावरील भरतीच्या वेळा आणि तिची अल्प उंची यांचा उलगडा झाला. त्यासाठी मध्ये एखादा भूभाग असल्याचे मानण्याची गरज उरली नाही. हॅरिस यांचे १९१८ मध्येच निधन झाले होते. हे उत्तर त्यांना पाहता आले नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र योग्य होता आणि उत्तर शोधण्याचे साधनही त्यांनी योग्यच निवडले होते. नोंदी अपुऱ्या होत्या आणि गणितात काही कारणे सुटून गेली होती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमुंडसेन, लिंकन एल्सवर्थ आणि उंबेर्तो नोबिले यांनी 'नॉर्गे' या हवाई जहाजातून स्पिट्सबर्गेनहून ध्रुवावरून अलास्कापर्यंत उड्डाण केले. त्यांच्या मार्गात कोठेही मोठी भूमी दिसली नाही. एकाच मोहिमेतून वेगळ्या वाटांनी गेलेले दोन सहकारी अशा प्रकारे एकाच उत्तरापाशी आले. अमुंडसेन यांनी ते आकाशातून पाहिले. स्वेरड्रुप यांनी ते बर्फाखालील पाण्याच्या हालचालीतून काढले होते.

पाणबुडी आणि कॅलिफोर्निया

१९२६ मध्ये स्वेरड्रुप यांची बर्गेन येथे हवामानशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. १९२८ मध्ये ते गुड्रुन यांच्याशी विवाहबद्ध झाले. 'मॉड'वरील निरीक्षणांच्या संपादनाचे काम पुढील अनेक वर्षे चालू होते. वाऱ्यामुळे समुद्रावरील बर्फ कसा वाहतो, याविषयीचा त्यांचा अभ्यास १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी मालमग्रेन यांचा मात्र त्याच वर्षी 'इटालिया' हवाई जहाजाच्या दुर्घटनेनंतर आर्क्टिकमध्ये करुण अंत झाला.

१९३१ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स यांच्या 'नॉटिलस' पाणबुडी मोहिमेचे वैज्ञानिक प्रमुखपद स्वेरड्रुप यांनी स्वीकारले. बर्फाखालून ध्रुवाकडे जाण्याचा तो पहिलाच धाडसी प्रयत्न होता. बुडी मारण्यास आवश्यक असलेली सुकाणूची पाती नाहीशी झाल्याचे बर्फाच्या कडेपाशी उघडकीस आले आणि मूळ बेत रद्द करावा लागला. तशाही स्थितीत स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस समुद्राची निरीक्षणे घेण्यात आली.

१९३६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असलेल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे संचालक म्हणून स्वेरड्रुप यांना पाचारण करण्यात आले. तीन वर्षांसाठी गेलेले स्वेरड्रुप तेथे बारा वर्षे राहिले. किनाऱ्यालगतच्या या छोट्या संस्थेला त्यांनी खुल्या समुद्रातील संशोधनाकडे वळविले आणि सागरविज्ञानाच्या पद्धतशीर अध्यापनाचा पाया घातला. मार्टिन जॉन्सन आणि रिचर्ड फ्लेमिंग यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला महासागरविषयक बृहद्ग्रंथ १९४२ मध्ये प्रकाशित झाला. हजारांहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथावर सागरवैज्ञानिकांच्या अनेक पिढ्यांचे शिक्षण झाले.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे नाझी जर्मनीच्या ताब्यात होता. तेथे नातेवाईक असल्याच्या आणि सहकाऱ्यांपैकी काहींनी व्यक्त केलेल्या संशयाच्या आधारे स्वेरड्रुप यांना काही काळ गोपनीय संशोधनापासून दूर ठेवण्यात आले. या संशयाला कोणताही आधार नव्हता. असे असूनही युद्धकाळातील त्यांचे कार्य मोलाचे ठरले. त्यांचे शिष्य वॉल्टर मंक यांच्यासह त्यांनी वाऱ्याच्या वेगावरून समुद्रातील लाटांची उंची वर्तविण्याची पद्धत विकसित केली. लष्करी हवामान अधिकाऱ्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविताना लाटांच्या अशा अंदाजांचा उपयोग करण्यात आला.

१९४७ मध्ये त्यांनी वारा आणि महासागरातील प्रवाह यांचा संबंध स्पष्ट करणारा सिद्धान्त मांडला. महासागरी प्रवाहांच्या अभ्यासात तो आजही मूलभूत मानला जातो. एका सेकंदात दहा लाख घनमीटर पाणी वाहत असेल, तर त्या प्रवाहाला एक स्वेरड्रुप असे म्हणतात. जगातील सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी आणतात, ते ढोबळमानाने एक ते सव्वा स्वेरड्रुप भरते. दक्षिण ध्रुवाभोवती फिरणारा महासागरी प्रवाह मात्र शंभराहून अधिक स्वेरड्रुप इतका प्रचंड आहे.

मायदेशी परत आणि भारताशी संबंध

१९४८ मध्ये स्वेरड्रुप मायदेशी परतले आणि नव्याने स्थापन झालेल्या नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेचे संचालक झाले. १९४९ ते १९५२ या काळात नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन या तीन देशांनी अंटार्क्टिकावर संयुक्त मोहीम पाठविली. तिच्या नियोजनात त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता. ही मोहीम क्वीन मॉड लँड या प्रदेशात गेली होती. स्वेरड्रुप यांनी तारुण्य ज्या जहाजावर घालविले, त्याला जिचे नाव होते, त्याच राणीच्या नावाने हा प्रदेशही ओळखला जातो. भारताचे 'मैत्री' हे संशोधन केंद्र १९८९ मध्ये याच प्रदेशात उभारण्यात आले.

भारताशी त्यांचा संबंध मत्स्यव्यवसायाच्या निमित्ताने आला. केरळमधील मच्छिमारांच्या विकासासाठी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ मध्ये करार झाला. कोल्लमजवळील नींदकरा आणि शक्तिकुलंगरा या गावांत यंत्रचलित होड्या, बर्फ कारखाना, पिण्याचे पाणी आणि आरोग्यसेवा यांची कामे या प्रकल्पाद्वारे हाती घेण्यात आली. नॉर्वेच्या बाजूने या मदतकार्याची धुरा वाहणाऱ्यांमध्ये स्वेरड्रुप यांचा समावेश होता. ऑस्लो विद्यापीठातील प्राध्यापकपद आणि ध्रुवीय संस्थेचे काम सांभाळून त्यांनी ही जबाबदारी पार पाडली.

२१ ऑगस्ट १९५७ रोजी ऑस्लो येथे त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी प्रारंभ झाला होता आणि अनेक देशांची पथके दोन्ही ध्रुवप्रदेशांत निरीक्षणांसाठी सज्ज झाली होती.

आजचे महत्त्व

उपग्रहांच्या युगातही ध्रुवीय समुद्रातील भरती मोजणे सोपे झालेले नाही. महासागरांची पातळी मोजण्यासाठी १९९२ मध्ये सोडण्यात आलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाची कक्षा ६६ अक्षांशांच्या पलीकडे जात नव्हती. २०१० मध्ये अवकाशात गेलेल्या क्रायोसॅट-२ सारख्या उपग्रहांमुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. तरीही बर्फाच्छादित समुद्रात उपग्रहांच्या नोंदी पडताळून पाहण्यासाठी समुद्रतळावर दाबमापक यंत्रे ठेवावी लागतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील तरंगते हिमस्तर भरतीबरोबर वरखाली होतात आणि त्यांच्याखाली शिरणाऱ्या पाण्यावर बर्फ वितळण्याचा वेग अवलंबून असतो. आर्क्टिकमधील बर्फाचे आवरण जसे कमी होत आहे, तसे बर्फाखालील घर्षणाचे गणितही बदलत आहे. स्वेरड्रुप यांनी शंभर वर्षांपूर्वी हाताळलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला आहे.

स्पिट्सबर्गेनमधील न्यू-ऑलेसुंड येथे नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेचे केंद्र स्वेरड्रुप यांच्या नावाने ओळखले जाते. याच वस्तीत २००८ मध्ये भारताचे 'हिमाद्री' हे आर्क्टिक संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे कामकाज गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील कोंग्सफ्योर्ड खाडीत पाण्याखाली निरीक्षण यंत्रणा बसविली.

'मॉड' जहाजाचे पुढे काय झाले, हेही नमूद करण्याजोगे आहे. मोहिमेच्या कर्जापायी ते सिॲटलमध्ये जप्त करण्यात आले आणि विकले गेले. १९३० मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील केंब्रिज बे येथे ते बुडाले. २०१६ मध्ये त्याचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, नॉर्वेचा किनारा सोडल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, तो मायदेशी आणण्यात आला.

हे जहाज ध्रुवापर्यंत कधीच पोहोचले नाही. मात्र त्याच्या डेकवरून आणि भोवतालच्या बर्फावरून घेतलेल्या नोंदींनी नकाशावरील एक काल्पनिक भूमी पुसून टाकली आणि बर्फाखालील समुद्र कसा हालतो, हे जगाला प्रथमच सविस्तर समजले.